छोट्या क्वाड बाईकचा सेल्फ लागत नाही: बॅटरी बदलण्याआधी हे मोजा

पाचगणी-भिलारच्या रिसॉर्टवर, तापोळ्याकडच्या कॅम्पवर किंवा तासगाव-मिरजेकडच्या मळ्यात पोरांसाठी आणलेल्या ७० ते १२५ सीसीच्या क्वाड बाईक उघडून बघितल्या तर आतून जवळपास सारख्याच निघतात. चिनी बनावटीचं आडवं इंजिन, १२ व्होल्टची ४ किंवा ५ अँपिअर-अवरची बॅटरी, आणि किक नाही. बहुतेकींना ऑटोमॅटिक क्लच असतो, त्यामुळे धक्का मारून इंजिन फिरत नाही. सेल्फ गेला की गाडी जागेवर.

तक्रारही ठरलेली असते. सेल्फ लागत नाही म्हणून नवी बॅटरी टाकली जाते, गाडी झकास चालते, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा टक-टक सुरू. वारंवार येणाऱ्या या दुखण्यात बॅटरी मरते हे खरं, पण तिला मारणारं बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. चार्जिंग येत नसतं, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची फ्रेम आणि इंजिनशी असलेली जोडणी) खराब असतो, किंवा गाडी उभी असताना एखादा डबा गुपचूप करंट पीत असतो. ते न शोधता बॅटऱ्या बदलत राहिलात तर फायदा फक्त दुकानदाराचा.

तपासणीला फार काही लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, ८ आणि १० नंबरचे पाने, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, एक जाड केबलचा तुकडा. काम सुरू करण्याआधी मागची चाकं विटांवर किंवा स्टँडवर उचलून घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, बोटातली अंगठी आणि मनगटातलं कडं काढा. रिले (बटण दाबलं की बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला जोडणारा स्विच) शॉर्ट करून बघताना इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. गिअरमध्ये असेल तर गाडी समोरच्याच्या अंगावर जाते.

आधी आवाज ऐका

चावी फिरवून, ब्रेक दाबून सेल्फचं बटण दाबा आणि काय ऐकू येतं ते नीट बघा. पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

काहीच आवाज नाही, म्हणजे बटणापासून रिलेपर्यंतच्या बारीक वायरिंगमध्ये घोटाळा आहे किंवा बॅटरी पूर्ण उतरली आहे. एकच ठोस "टक" आला आणि पुढे शांतता, तर रिले ओढतोय पण जाड केबल, रिलेचे कॉन्टॅक्ट, अर्थ किंवा मोटर यांपैकी कुठेतरी अडतंय. "टक-टक-टक-टक" असा पटापट आवाज आला तर रिले ओढतो, मोटरने करंट घेतला की व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत येतं, पुन्हा ओढतो. हे उतरलेल्या बॅटरीचं किंवा बॅटरीच्या सैल, गंजलेल्या टर्मिनलचं लक्षण. मोटर घुर्र फिरते पण इंजिन हलत नाही, तर इलेक्ट्रिकल काम सोडून द्या, सेल्फचा वन-वे क्लच (मोटरचं फिरणं इंजिनपर्यंत पोचवणारा) स्लिप होतोय. आणि इंजिन चांगलं फिरतंय पण पेटत नाही, तर सेल्फला दोष देऊ नका, थेट खाली "इंजिन फिरतं, पेटत नाही" या भागावर जा.

आणखी एक प्रकार क्वचित होतो पण झाला की घाबरगुंडी उडते: बटण सोडलं, चावी बंद केली तरी सेल्फ फिरतच राहतो. रिलेचे आतले कॉन्टॅक्ट वितळून चिकटले आहेत. अशा वेळी चावीशी खेळत बसू नका, बॅटरीची निगेटिव्ह केबल लगेच काढा. रिलेवर पान्याने दोन टोले मारून तो सुटतोही, पण तो पुन्हा वापरायचा नाही. कॉन्टॅक्ट चिकटण्याचं मूळ बहुधा कमजोर बॅटरीवर पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्यात असतं.

बॅटरी: उभी असताना आणि सेल्फ मारताना

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी किंवा चार्जर बंद करून किमान एक तास झालेला असू द्या, नाहीतर वरवरचा आकडा दिसतो. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.० च्या आसपास आली की जवळपास रिकामी. १०.५ च्या आसपास अडकली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर एक सेल मेला आहे, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. तिथे नवी बॅटरी घेण्याला पर्याय नाही.

पण उभ्या बॅटरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. मीटरची टोकं क्लॅम्पवर न लावता थेट बॅटरीच्या टर्मिनलवर दाबून धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना १० व्होल्टच्या वर राहिली तर बॅटरी ठीक. ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतेय. पक्कं करायला माहीत असलेली चांगली १२ व्होल्टची बॅटरी जाड केबलने जोडून बघा. आणि बटण दाबूनही आकडा १२.५ वर हललाच नाही तर मोटरपर्यंत करंट जातच नाहीये. अशा गाडीत बॅटरी बदलून काही होणार नाही, ती खुशाल जागेवर राहू द्या.

जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंप देताना त्या गाडीचं इंजिन बंद ठेवा. प्लस-मायनस उलटं लागलं तर आरआर युनिट (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) जळतं, आणि डीसी प्रकारचा, म्हणजे बॅटरीवर चालणारा सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) असेल तर तोही. एका सेकंदाची चूक पुरते.

चार्जिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सातारा-सांगलीत बऱ्याच छोट्या बॅटऱ्या चार्जिंगच्या दुकानातच मरतात. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ अँपिअरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या एक-दशांश करंटने, ८ ते १० तास चार्जिंग लागतं. दुकानात तीच बॅटरी ट्रॅक्टर आणि टेम्पोच्या बॅटऱ्यांच्या रांगेत सिरीजमध्ये लावली जाते. सिरीजमध्ये सगळ्यांतून सारखाच करंट जातो. मोठ्या बॅटरीला सोसणारे ५-६ अँपिअर छोटीतूनही जातात, ती तापते, फुगते, आतलं पाणी उडतं. सीलबंद बॅटरीत पाणी परत घालता येत नाही. त्यामुळे दुकानदाराला "ही वेगळी लावा, अर्ध्या अँपिअरवर" असं स्पष्ट सांगा, किंवा बाईकच्या बॅटरीसाठीचा छोटा ऑटोमॅटिक चार्जर घेऊन ठेवा. दोन-तीन क्वाड असतील तर तो एका हंगामात वसूल होतो.

नवी बॅटरी घेतानाही तेच. ॲसिड ओतून दहा मिनिटांत गाडीत बसवून दिलेली बॅटरी पूर्ण भरलेली नसते. ॲसिड भरल्यावर अर्धा-एक तास मुरू द्यायचं, मग पहिलं चार्जिंग पूर्ण करायचं, मगच सेल्फ मारायचा. हे न केलेली बॅटरी पहिल्या दिवसापासून अर्धपोटी राहते.

बटण दाबलं, काहीच आवाज नाही

चावी आणि हँडलवरचा लाल किल स्विच बघितलाच असेल. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबल्याशिवाय बहुतेक छोट्या क्वाडचा सेल्फ लागत नाही, आणि ज्यांना गिअर आहेत त्या न्यूट्रलमध्ये असाव्या लागतात. रिमोटवाल्या गाडीत रिमोटचा सेलही तपासा. गाडीच्या मागे लावलेल्या, मोठ्या माणसाने ओढून इंजिन बंद करायच्या दोरीच्या टोपीबद्दल मात्र एक लक्षात ठेवा: बहुतेक गाड्यांत ती टोपी निघाली तर फक्त प्लगचा करंट बंद होतो, सेल्फ फिरत राहतो. "फिरतोय पण पेटत नाही" अशा तक्रारींतल्या कितीतरी त्या टोपीपाशी संपतात.

मग फ्यूज. सीटखाली बॅटरीजवळ प्लास्टिकच्या नळीत काचेचा किंवा पात्याचा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. डोळ्याला अखंड दिसला म्हणून सोडू नका, काचेच्या फ्यूजच्या नळीतली स्प्रिंग गंजलेली असते. फ्यूजच्या दोन्ही टोकांना अर्थच्या संदर्भाने व्होल्टेज मोजा, दोन्हीकडे सारखं यायला हवं. फ्यूजला सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी गुंडाळणारे महाभाग अजून आहेत. पुढचा शॉर्ट झाला की अख्खी वायरिंग जळते, आणि वर पेट्रोलची टाकी प्लास्टिकची असते.

फ्यूज ठीक असेल तर टेस्ट लॅम्पची एक वायर इंजिनच्या स्वच्छ बोल्टला लावा आणि दुसऱ्या टोकाने करंटचा माग काढत चला. रिलेवरचा बॅटरीकडचा जाड बोल्ट, फ्यूजनंतरची वायर, चावी चालू करून चावीच्या स्विचमधून बाहेर येणारी वायर, ब्रेक दाबून ब्रेक स्विचच्या दोन्ही बाजू, बटण दाबून बटणाच्या दोन्ही बाजू, आणि शेवटी रिलेची बारीक वायर. जिथपर्यंत बल्ब पेटतो तिथपर्यंत करंट येतो. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये तो विझतो तिथे बिघाड. या गाड्यांत साधारणपणे लाल म्हणजे बॅटरीचा प्लस, काळी म्हणजे चावीनंतरची, हिरवी अर्थ आणि पिवळी-लाल बटणाकडून रिलेकडे जाणारी असते. पण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत रंग वेगळे निघतात, त्यामुळे वायर हाताने धरून मागोवा घेणंच खरं.

इथे मल्टिमीटरपेक्षा बल्ब बरा. वायरची एकच तार शाबूत असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास घेतच नाही. बल्ब थोडा करंट ओढतो आणि अशा वायरवर मिणमिणतो.

बिघाड सापडण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. पाचगणीच्या पठारावरची तांबडी जांभ्याची धूळ ब्रेकच्या लिव्हरमधल्या छोट्या स्विचमध्ये आणि सेल्फच्या बटणात जाऊन बसते. पावसाळ्यात तिचा लगदा होतो, पाऊस संपला की सिमेंटसारखी वाळते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसेल तेव्हाही धुकं असतं, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये उभी गाडीसुद्धा कपलरच्या (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडाच्या) आतून हिरवी पडते. सांगलीच्या बाजूला नदीकाठची काळी माती वेगळं करते: ती इंजिनच्या खाली, सेल्फच्या मोटरभोवती चिकटून ओल धरून ठेवते. आणि पेंड किंवा धान्याच्या खोलीत गाडी ठेवत असाल तर उंदरांनी कुरतडलेली वायर आधी शोधा, मीटर नंतर काढा.

बटण खोलून पॉलिश पेपरने कॉन्टॅक्ट घासले, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक चालतं. ब्रेक स्विच मेला असेल तर त्याच्या दोन वायरी तात्पुरत्या जोडून खात्री करता येते. खात्री झाली की जोड काढा आणि नवा स्विच बसवा. ब्रेक न दाबता सुरू होणारी क्वाड लहान मुलाच्या हाती द्यायची नाही. "चालतंय की" म्हणून स्विच कायमचा शॉर्ट करून देणाऱ्या मेकॅनिककडे पुन्हा जाऊ नये.

रिलेच्या बारीक वायरींपैकी एकीवर बटण दाबल्यावर १२ व्होल्ट आले, दुसरीला अर्थ मिळतोय, तरी टक होत नाही, तर रिलेची कॉइल गेली. कपलर काढून त्या दोन पिनांमध्ये मोजल्यास चांगल्या कॉइलचे साधारण ३ ते ५ ओहम येतात. काही मॉडेलमध्ये रिलेचा अर्थ न्यूट्रल स्विचमधून फिरून येतो. तिथे प्लस बरोबर दिसूनही रिले ओढत नाही, म्हणून दोन्ही बाजू तपासल्याशिवाय रिले बदलू नका.

टक होतं, पण फिरत नाही

या लक्षणात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आधी बॅटरी बदलतात, मग रिले, मग मोटर, आणि शेवटी निघतं काय, तर रंगावर आवळलेला अर्थचा बोल्ट.

छोट्या क्वाडचा सेल्फ फिरताना साधारण ४० ते ५० अँपिअर घेतो असं धरा. वाटेत कुठे ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी ५० अँपिअरवर १ व्होल्ट तिथेच जातो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा अडथळा दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो. म्हणून "कंटिन्युइटी बघितली, बीप वाजतो" या वाक्याला इथे काही अर्थ नाही. करंट वाहत असताना व्होल्टेज किती गळतं ते मोजायचं.

मीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल टोक इंजिनच्या केसिंगवरच्या स्वच्छ बोल्टवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थ खराब. मग प्लसची बाजू: एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं मोटरच्या टर्मिनलच्या बोल्टवर, सेल्फ मारा. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तुकड्या-तुकड्याने मोजा: बॅटरी ते रिलेचा पहिला बोल्ट, रिलेचे दोन बोल्ट एकमेकांत, रिलेचा दुसरा बोल्ट ते मोटर. एकेका तुकड्यात ०.१ ते ०.२ च्या आत राहायला हवं. रिलेच्या दोन बोल्टांमध्ये टक होऊनही पूर्ण १२ व्होल्ट दिसले तर आतले कॉन्टॅक्ट जळाले आहेत.

रिलेचे दोन जाड बोल्ट जाड केबलच्या तुकड्याने क्षणभर जोडूनही तपासता येतं. मोटर जोरात फिरली तर रिले खराब. स्क्रूड्रायव्हरनेही हे करतात, पण ठिणगी मोठी उडते, आणि कार्बोरेटर गळत असेल किंवा बॅटरी नुकतीच चार्ज करून काढली असेल तर ते अंगाशी येऊ शकतं.

अर्थ दुरुस्त करण्याची पद्धत स्वस्त आणि कायमची आहे. या गाड्यांत निगेटिव्ह केबल फ्रेमला पावडर कोटिंगवरच आवळलेली असते, बोल्टच्या आट्यांतून जेवढा मिळेल तेवढाच अर्थ. तो बोल्ट काढा, रंग खरवडून धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर टाकून आवळा, वरून ग्रीस लावा. त्याचबरोबर ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलला दोन्ही बाजूंनी लग (बोल्टात बसणारी धातूची कडी) दाबून बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनच्या केसिंगच्या बोल्टला दुसरा अर्थ द्या. पंपसेटचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात केबल आणि लग मिळतात, दोन-तीन फुटात काम होतं. नवीन गाडी आणल्या आणल्या हे करून टाकावं.

मोटर खोलायची वेळ आली तर

केबल, रिले, अर्थ, बॅटरी चारही ठीक आणि मोटर थेट जोडूनही फिरत नाही किंवा कण्हत फिरते, तेव्हाच मोटर काढा. बॅटरीची निगेटिव्ह आधी. मोटरच्या टर्मिनलचा वरचा नट सोडवताना आणि आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. नाहीतर अख्खा बोल्ट आत फिरतो, त्याची इन्सुलेशनची चकती तुटते आणि चांगली मोटर त्या दिवशी शॉर्ट होते.

जोडलेल्या मोटरचं टर्मिनल ते बॉडी मोजल्यावर जवळपास शून्य ओहम येणारच, करंटचा रस्ताच तो आहे. त्यावरून मोटर शॉर्ट ठरवू नका. खोलल्यावर प्लसच्या कार्बनचा होल्डर बॉडीपासून पूर्ण सुटा असायला हवा, आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्या आणि मधला शाफ्ट यांत संपर्क नको, आणि शेजारच्या पट्ट्यांत आपापसांत संपर्क हवा. पट्ट्यांवर काळा थर असेल तर ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाकार घासा आणि पट्ट्यांमधल्या खाचा ब्लेडच्या टोकाने मोकळ्या करा. कार्बन झिजून स्प्रिंग टेकायला आली असेल तर कार्बन बदला. नेमका सेट मिळाला नाही तर डायनॅमो-सेल्फचं काम करणारा इलेक्ट्रिशियन दुसऱ्या बाईकचे कार्बन घासून बसवून देतो, ते चालतं. आत लाल चिखल किंवा गंज दिसला तर ओ-रिंग बदलल्याशिवाय मोटर बंद करू नका. प्रेशर वॉशरची धार सरळ मोटरवर मारणं हे त्या चिखलाचं मुख्य कारण.

सेल्फ एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, आणि मध्ये अर्धा मिनिट थांबायचं.

इंजिन फिरतं, पेटत नाही

प्लग काढून टोपीत बसवा, त्याची धातूची बॉडी इंजिनला टेकवून सेल्फ मारा. प्लगचं भोक आणि पेट्रोल यांपासून लांब धरा. निळसर, टणक ठिणगी हवी. पिवळी, अधूनमधून येणारी चालणार नाही. या आडव्या इंजिनांना बहुतेक एनजीकेचा सी७एचएसए प्लग लागतो, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर.

ठिणगी नसेल तर सीडीआयकडे येणारी किल वायर, बहुधा काळी-पांढरी, कपलरमधून सुटी करा आणि पुन्हा बघा. एसी, म्हणजे इंजिनच्या मॅग्नेट कॉइलवर चालणाऱ्या सीडीआयमध्ये ही वायर अर्थला टेकली की करंट बंद होतो. ती सुटी केल्यावर ठिणगी आली तर किल स्विच, दोरीची टोपी, रिमोटचा डबा किंवा चावीचा स्विच यांपैकी एक तिला अर्थ करतोय. एक-एक काढून बघा. दुरुस्ती झाल्यावर ती वायर परत जोडायला विसरू नका, नाहीतर गाडी बंद करायला काहीच उरत नाही.

सीडीआय एसी आहे की डीसी हे ठरवायला चावी चालू करून त्याच्या कपलरच्या पिना मोजा. एखाद्या पिनेवर बॅटरीचा व्होल्टेज आला तर डीसी. डीसीवाल्या गाडीचं एक खास लक्षण आहे: सेल्फ फिरतोय तोवर पेटत नाही, बटण सोडताना भडकते. सेल्फने व्होल्टेज इतकं खाली ओढलेलं असतं की सीडीआयला पुरत नाही, बटण सोडलं की क्षणभर पुरतं. इथे सीडीआय नवीन घेऊ नका, बॅटरी आणि अर्थ सुधारा.

एसीवाल्यात मॅग्नेटच्या आतल्या कॉइलवर सगळं अवलंबून. इंजिनमधून येणारा कपलर सुटा करून मोजा. सीडीआयला करंट देणाऱ्या कॉइलचे, बहुधा काळी-लाल वायर ते अर्थ, साधारण १५० ते ५०० ओहम यायला हवेत. पल्सर कॉइलचे (ठिणगीची वेळ सांगणारी कॉइल), बहुधा निळी-पांढरी, १०० ते २५० ओहम. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे हलतात, पण शून्य किंवा अनंत आलं तर कॉइल गेली. पल्सर आणि मॅग्नेटवरचा उंचवटा यांतलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असू द्या. प्लगच्या टोपीचे ५ किलोओहमच्या आसपास, एचटी कॉइलच्या (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल) प्रायमरीचे १ ओहमच्या आत. टोपीत ओल शिरून करंट बाहेरच उडत असेल तर अंधारात सेल्फ मारून बघा, निळा करंट दिसतो. एचटी वायरचं टोक अर्धा इंच कापून टोपी पुन्हा पिळून बसवली की बरेचदा तेवढ्यावर भागतं. सीडीआय मोजता येत नाही, म्हणून तो सगळ्यात शेवटी, आणि तोही दुसऱ्या चालू गाडीवरचा लावून बघून.

परत परत उतरणारी बॅटरी

आता मूळ दुखणं. बॅटरी पूर्ण चार्ज करून बसवा, इंजिन सुरू करा, बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा आणि रेस मध्यम करा. १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १२.५ वरच राहिलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट मोकाट सुटलंय, तेही बॅटरी उकळून मारतं. चार्जिंग नसेल तर आरआर युनिटचा कपलर काढा. चार पिनांच्या युनिटमध्ये साधारण पांढरी आणि पिवळी मॅग्नेटकडून, लाल बॅटरीकडे, हिरवी अर्थ. लाल वायरवर बॅटरीचा व्होल्टेज येतोय का, हिरवीला अर्थ आहे का, आणि मीटर एसीवर ठेवून पांढऱ्या वायरवर रेसबरोबर वाढणारं व्होल्टेज येतंय का ते बघा. तिन्ही ठीक असेल तर युनिट बदला. पांढरीवर काहीच येत नसेल तर मॅग्नेट कॉइल. ती सांगली-मिरजेत मोटर रिवाइंडिंगवाले भरून देतात.

चार्जिंग उत्तम असूनही भाड्याच्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरतात. ५० अँपिअरने ३ सेकंद सेल्फ मारला की जे जातं ते १ अँपिअरच्या चार्जिंगने भरून यायला अडीच मिनिटं लागतात, तीही रेसवर. आयडलिंगला चार्जिंग नगण्य, हेडलाइट चालू असेल तर तेही नाही. पर्यटक पाच मिनिटं सावकाश चक्कर मारतो, त्यात दोनदा बंद पाडतो, फोटोसाठी बंद करतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत हिशेब तोट्यात जातो. अशा गाड्या रोज रात्री चार्जरला लावायच्या, दुसरा इलाज नाही. आयडलिंग नीट लावलं, म्हणजे थांबल्यावर गाडी बंद पडणार नाही असं, तरी सेल्फ मारण्याच्या खेपा निम्म्यावर येतात.

उभ्या गाडीत उतरणाऱ्या बॅटरीसाठी चावी बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून केबल व टर्मिनलच्या मध्ये जोडा. आकडा लहान असेल तरच मिलिअँपिअरवर या. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो. रिमोट नसलेल्या गाडीत आकडा शून्याजवळ हवा. रिमोटचा डबा १० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ४ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी आठ दिवसांत अर्धी आणि सतराव्या दिवसापर्यंत कोरडी. डबा काढून आकडा शून्यावर आला तर एक कट-ऑफ स्विच निगेटिव्हवर बसवा. आरआर युनिटची लाल वायर काढल्यावर आकडा पडला तर युनिटमधला डायोड गळतोय.

जूनमध्ये गाडी शेडमध्ये लावताना बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेल्या अवस्थेत चार महिने पडलेली लेड-ॲसिड बॅटरी सल्फेट होते आणि दिवाळीत कितीही चार्ज केली तरी उठत नाही. कपलर सुटे करून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून पुन्हा जोडा. निव्वळ डब्ल्यूडी-४० मारून पावसाळा निघत नाही, ते उडून जातं.

पार्ट घेताना

रिले १०० ते १२५ सीसीच्या कुठल्याही देशी स्कूटर किंवा बाईकचा १२ व्होल्टचा चालतो, फक्त कपलरच्या पिना जुळवून घ्याव्या लागतात. आरआर युनिटचं मात्र तसं नाही, चार पिना सारख्या दिसल्या तरी क्रम वेगळा असतो, म्हणून जुन्या कपलरचा रंगासह फोटो काढून दुकानात न्या. एसीच्या जागी डीसी सीडीआय किंवा उलट कधीच लावू नका. देशी बाईकचा सीडीआय कपलर जुळवून बसवला तरी टायमिंग जुळेलच असं नाही. सेल्फची मोटर घेताना बोल्टांच्या भोकांमधलं अंतर आणि शाफ्टवरचे दात मोजून घ्या. एका दाताचा फरक असला तरी मोटर बसते, पण पहिल्या सेल्फला घरघरते आणि दात खाते.